धोंड्याचं हेलिकॉप्टर

अधिक महिना तीन वर्षांनी येतो आणि जावयाच्या पदरात टाकून टाकून काय टाकतो? तेहतीस अनारसे, चांदीचं एक निरांजन, पॅन्टशर्टचं कापड आणि जेवायला पुरणाचे धोंडे. आमच्या ह्यांना, म्हणजे दिगंबररावांना, तूप पचत नाही. निरांजनं आमच्याकडे आधीच तीन होती. माझ्या वडिलांनी, आबांनी, घेतलेलं कापड ते आजवर कधी शिंप्याकडे घेऊन गेले नव्हते. तरीही त्या वर्षी विट्याहून कराडला निघायच्या दिवशी कोंबडा आरवायच्या आत दाढी करून, पायांत बूट घालून ते पलंगावर बसले होते. कारण मिळकत आणखी एक होती आणि ती ताटात वाढायची नव्हती.

"हेमा, आबा आज सांगणार ना?"

"सांगतो म्हणालेत."

"आपल्याकडंच येणार ते. इतकी वर्षं मी एकटा जावई होतो. त्याला काही वजन असेल की नाही?"

"वजन आपल्या दुकानातल्या खिळ्यांना असतं," मी म्हटलं. "उठा, उशीर होतोय."

विट्यात आमचं हार्डवेअरचं आणि रंगाचं दुकान. गल्ल्यावर मी बसते, शिडीवर हे चढतात. माणूस दारातून आत आला की तो उधारी मागणार की रोख देणार, हे मला त्याच्या चपला काढण्यावरून कळतं. माझ्या माहेरच्यांचाही मी असाच अंदाज बांधत आले होते, आणि आबा सोडले तर कुणाच्या बाबतीत फारशी चुकले नव्हते.

आबा एसटीत कंट्रोलर होते. कराडच्या स्टँडवर कोणती गाडी कोणत्या फलाटाला लावायची, कुठली सोडायची आणि कुठल्या गाडीच्या लोकांना गोड बोलून ताटकळत ठेवायचं, यात त्यांची हयात गेली. स्टँडमागे दोन खोल्यांचं आणि एका गच्चीचं घर त्यांनी बांधलं. आई जाऊन वर्ष उलटलं होतं. फाल्गुनात आबा न्हाणीघरात घसरले, मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं आणि आम्हा दोघी बहिणींची चढाओढ सुरू झाली. मी म्हणायची, विट्याला चला. धाकटी वृषाली म्हणायची, पुण्याला चला. आबांनी दोघींना फोनवर शब्दाचाही फरक न करता सांगितलं, "धोंड्याच्या जेवणाला आपापला नवरा घेऊन या. कुणाकडं जायचं ते तिथंच सांगतो."

मला आबा हवे होते. त्यातले निम्मे वृषालीला मिळू नयेत म्हणून हवे होते, हेही लिहून ठेवते. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान. ती व्हायच्या आधी आबांच्या सायकलच्या नळीवर मी बसायची. ती झाली आणि मी कॅरिअरवर गेले. कॅरिअरवरून आबांची पाठ दिसते, तोंड दिसत नाही.

कराडला पोचलो आणि दारातच मला गच्चीवरून आबांचं हसणं ऐकू आलं. आई गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. महिन्यातून दोनदा मी डबे घेऊन येत होते, पाय चेपत होते, औषधाच्या गोळ्या चिमटीत धरून देत होते. तेव्हा हे हसणं कुठं होतं?

वर गेलो. पाण्याच्या टाकीच्या सावलीत आबा खुर्चीत बसले होते आणि त्यांच्यासमोर केतनराव, वृषालीचे यजमान, हातात रिमोट घेऊन उभे. वीतभर लांबीचं लाल हेलिकॉप्टर गुणगुणत आबांच्या डोक्याभोवती फिरत होतं.

"या दाजी!" वृषाली म्हणाली. "बघा आमचे आबा! सकाळपासून चहा प्यायलेले नाहीत."

"वा," हे म्हणाले. "खेळणं?"

"आरसी आहे, दादा," केतनराव म्हणाले. ते पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होते आणि कुठल्याही वस्तूला तिचं साधं नाव घेऊन हाक मारत नसत. "आबांना विरंगुळा. बोटांनाही व्यायाम होतो, प्लॅस्टर निघालंय ना आत्ताच."

बोटांना व्यायाम! मी आणलेला तिळाच्या तेलाचा शिसा पिशवीतच राहिला.

"फार महाग असेल?" ह्यांनी विचारलं.

"छे हो. अगदी स्वस्तातलं."

त्यावर ह्यांचा चेहरा असा झाला, की महाग म्हणाले असते तर बरं झालं असतं. इतक्यात वाऱ्याची झुळूक आली आणि लाल हेलिकॉप्टर तिच्याबरोबर वाहत कठड्याला जाऊन आपटलं. केतनराव धावले. आबांनी मान हलवली.

"छान आहे जावईबापू. पण एका जागी ठरत न्हाई. फलाटाला लागलेली गाडी हलता कामा नये, काय?" मग त्यांनी आमच्यापैकी कुणाकडेच न बघता, टाकीकडे बघत म्हटलं, "फौजेचं असतं बघा एक. पुढं एक पंखा, मागं एक. पेपरात फोटो यायचा. ते म्हणे ढगासारखं जागच्या जागी उभं ऱ्हातं. तसलं काय खेळण्यात मिळत नसणार."

हे वळले. "हेमा, पिशवी दे. मी जरा बाजारात जाऊन येतो."

"आत्ता? स्वयंपाक..."

"तूही चल."

मुख्य रस्त्याला खेळण्यांचं दुकान होतं. दुकानदार पोटाशी उशी धरून बसलेला. हार्डवेअरवाल्याला समोरच्या दुकानदाराकडून फसवून घ्यायला आवडत नाही, म्हणून हे आत शिरताना चेहरा आंबट करूनच शिरले.

दुकानदाराने काचेवर तीन खोकी मांडली. पहिलं शेपटीला चकती असलेलं. "हे शिकलेल्या माणसाला, साहेब. नवख्यानं धरलं तर गरगर फिरतं." दुसरं केतनरावांच्यासारखं, एकाच दांड्यावर दोन पाती. ते ह्यांनी हातही न लावता बाजूला सारलं. तिसरं हिरवट रंगाचं, लांबोडकं, शेंगेसारखं. एक पंखा पुढे, एक मागे.

"हे फौजी," दुकानदार म्हणाला. "किंमत बाकीच्यांएवढीच, पण उभं राहील बघा कसं."

"शेपटीला काहीच नाही. मग हे गरगर फिरत नाही?"

"कसं फिरेल? पुढचा पंखा एकीकडं फिरतो, मागचा उलटीकडं. दोघं एकमेकांची जिरवतात, म्हणून मधली बॉडी गप्प."

ह्यांना ते पटलं. त्यांनी खोकं उघडायला लावलं, पाती बोटाने वाकवून बघितली, सुटी पाती आत आहेत का ते पाहिलं. दुकानदार सांगत होता, "उन्हात नेऊ नका मात्र. सावलीत, घरात चालवा. ऊन लागलं की हे रिमोटचं ऐकत नाही." पण हे तोवर घासाघिशीला लागले होते. रिमोटला सहा पेन्सिल सेल लागणार होते आणि रिमोटमधूनच वायर लावून हेलिकॉप्टर चार्ज व्हायचं होतं. सेल फुकट द्या, हे म्हणाले. दुकानदार म्हणाला, साहेब, खेळण्यात सुटत नाही, सेलमध्ये सुटतं.

"राहू दे मग," हे म्हणाले. "सेल काय, घरात असतात."

घरात नव्हते. आबांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्यातला एक काढला, टीव्हीच्या रिमोटमधले दोन, उशाच्या रेडिओतले दोन, बॅटरीतला एक. घड्याळ अकराला थांबलं. "असू दे," आबा म्हणाले. "आज कुठली गाडी सोडायचीय?"

जेवणाची गंमत वेगळीच. सासू नाही तर वाण कोण देणार, असं शेजारच्या सुमनकाकी म्हणाल्या होत्या. धोंडे त्यांनीच उकडून दिले. अनारसे मात्र आबांनी हट्टाने स्वतः तळले होते. चौदा-पंधरा हसले होते, तुपात विरघळून त्यांची जाळी झाली होती. दोन पाट, दोन रांगोळ्या, दोन ताटं. मी वाढता वाढता ह्यांच्या ताटातले मोडके अनारसे मोजले. मग केतनरावांच्या ताटातले मोजायला मान वळवली तर वृषाली आमचे मोजत होती. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो आणि मीठ वाढलं.

आधी कुंकू कुणाला लावायचं? मान थोरल्याचा, पण धोंडा धाकट्याचा पहिला. दोघे जावई नाक समोर करून बसले. आबांनी करंडा मांडीवर घेतला, दोन्ही अंगठे कुंकवात बुडवले आणि दोन्ही कपाळांवर एकदम टेकवले.

सुमनकाकी दारातून म्हणाल्या, "हे कुठलं शास्त्र काढलंत?"

"दोन गाड्या, एक वेळ," आबा म्हणाले.

भात कालवताना हे माझ्या कानाशी आले. "डाव्या हातानं लावलं मला."

"गप जेवा."

"तू बघितलंस ना? डावा होता."

ताक झाल्यावर वृषालीने सुपारी कातरत विषय काढला. "आबा, मग? पुण्याला खालपर्यंत लिफ्ट आहे. समोर बाग आहे. तुमच्यासाठी खोली रंगवून ठेवलीय."

"रंग कुठला दिलास?" मी विचारलं. "आमच्याकडून नेला असतास तर स्वस्तात पडला असता."

"ताई, सगळंच काही विट्यातून न्यायचं नसतं."

"माणसं तरी न्यायची असतात का?"

"आता तुम्ही दोघी..." केतनराव म्हणाले.

"तुम्ही सुपारी खा," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

आबा पाय पसरून बसले होते. "सांगतो की. आधी ते फौजी उडू द्या. चित्त तिथंच अडकलंय माझं."

ऊन जरा कलल्यावर सगळे वर गेलो. टाकीची सावली आता कठड्यापर्यंत लांबली होती. हे सावलीत उभे राहिले, रिमोट दोन्ही हातांत, शिडीवर पहिल्यांदाच चढल्यासारखे. डावी दांडी हळू वर. दोन्ही पंखे गुरगुरले, हिरवी शेंग थरथरली, जमीन सोडली, जराशी डावीकडे कलली. ह्यांनी रिमोटवरची बारीक चकती फिरवली आणि ते थांबलं. खरंच थांबलं. आबांच्या डोळ्यांसमोर, हवेत खिळा मारून टांगल्यासारखं.

"अरे वा!" आबा खुर्चीतून अर्धे उठले. "वा, वा जावईबापू! ह्याला म्हणायचं उभं ऱ्हाणं!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नात हार घालताना पाहिलं होतं, त्यानंतर आजच. मी वृषालीकडे पाहिलं. तिच्या ओठांची एक बाजू दाताखाली गेली होती. मला जे वाटलं त्याला पोट भरणं म्हणतात, आणि ते धोंड्यांनी भरलं नव्हतं.

केतनराव टाळ्या वाजवत पुढे आले. "मस्त, दादा. काय कंट्रोल आहे! फक्त जरा इकडे घ्या ना, उजेडात. आबांना सावलीत नीट दिसत नाहीये."

"दिसतंय की," आबा म्हणाले.

"नाही, रंग दिसत नाहीये. थोडं इकडे. अजून थोडं."

सकाळभर केतनरावांनी स्वतःचं लाल हेलिकॉप्टर टाकीच्या सावलीबाहेर एकदाही जाऊ दिलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी "अहो" म्हणेपर्यंत हिरवी शेंग उन्हात गेली होती. तिने एक आचका दिला आणि मग ह्यांनी दांडी दाबली, वाकडी केली, रिमोट हलवला, काही उपयोग झाला नाही. ती सरळ निघाली, कठडा ओलांडला आणि शेजारच्या गच्चीवर सुमनकाकींच्या कुरडयांत जाऊन पडली.

"अगं बाई! काय टाकलंत?" काकींचा आवाज आला. "ह्या आजच्याच घातलेल्या कुरडया! दोन जावयांचा एवढा उच्छाद?"

शेंग परत आली तेव्हा पुढच्या पंख्याचं एक पातं मोडलेलं होतं आणि पोटाला चीक लागला होता. हे रिमोट घेऊन तसेच उभे. कान लाल.

"सिग्नल गेला असेल," केतनराव म्हणाले. "स्वस्तातल्या मॉडेलमध्ये होतं असं. दादा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पुण्यात पुढच्या पायरीचं मिळतं, मी आबांना पाठवतो."

"तुम्ही कशाला पाठवता? खोक्यातली सुटी पाती कुठं गेली कळेना, पण नवं पातं मी आणीन. पुढल्या रविवारी घेऊन येतो."

"पुढच्या रविवारी आम्ही येणारच आहोत."

"मग त्याच्या पुढल्या."

आबांनी मोडकं पातं हातात घेऊन उन्हाकडे धरलं आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला, की आईच्या वर्षश्राद्धालाही तसा निघाला नव्हता. "न्हाई बाबांनो. आज मन लागणार न्हाई. हे पुन्हा उडाल्याबिगर मी काय ठरवू शकत न्हाई. माझी बोटं तर कापतात, मला थोडंच जमणार हे? तुम्ही दोघांनी येऊन, बसून, नीट करून दाखवा मला. मग बघू."

म्हणजे निकाल पुढे गेला. निघायची बांधाबांध झाली. वृषाली काकींची कुरडयांबद्दल दुसऱ्यांदा माफी मागून आली, बॅग भरायला बसली, दोघे जावई आपापल्या गाडीच्या चाकातली हवा बघत एकमेकांच्या गाडीबद्दल चांगलं बोलत होते. ह्यांचा रुमाल वर राहिला होता, म्हणून मी जिना चढले.

तिन्हीसांज झाली होती. गच्चीवर ऊन नव्हतं. शेवटच्या पायरीवरच मला ती गुणगुण ऐकू आली.

आबा एकटे उभे होते. खुर्चीत नाही, उभे. रिमोट छातीशी, अंगठे दांड्यांवर, आणि बोट कुठं कापत असेल तर शपथ. हिरवी शेंग त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत टांगलेली होती. पुढच्या पंख्याला नवं पातं होतं. खोक्यातल्या सुट्या पात्यांची पिशवी कठड्यावर फाडून ठेवलेली.

"आबा."

ते दचकले नाहीत. हेलिकॉप्टरही दचकलं नाही.

"ये हेमे. ह्याच्याखाली उभी राहू नको."

"तुम्हाला येतं हे?"

"स्टँडच्या पोरांकडं एक हाय. दुपारचं कोण तरी आणतं, मी जरा फिरवतो." त्यांनी शेंग तळहाताएवढी खाली घेतली, परत होती तिथं नेली. "दिगंबररावांनी चांगलं निवडलं पण. नजर हाय माणसाला. दुकानदारानं काय सांगितलं गं, हे जागचं हलत का न्हाई?"

"पंखे उलटे फिरतात म्हणाला."

"आणि?"

"एकमेकांची जिरवतात."

"हां." आबा हसले, सकाळी हसले होते तसेच. "तू इकडं वढ, मी तिकडं वढतो. दोघांचा जोर सारखा. मधला आपला आपल्या जागेवर."

खालून ह्यांची हाक आली, "हेमा, सापडला का?"

"आणि आबा, एक पंखा थांबला तर?"

"तर गेलं की गरगरत. कुणाच्या तरी अंगणात." त्यांनी दांडी खाली आणली, शेंग टाकीशेजारी अलगद बसली. "म्हणून दोघांना सारखं चार्जिंग द्यायचं. कमीजास्त झालं तर बोंब." मग त्यांनी नवं पातं काढलं, खिशातलं मोडकं पातं परत बसवलं आणि शेंग खोक्यात ठेवली. ह्यांचा रुमाल कठड्यावर होता, तो झटकून माझ्या हातात दिला. "अंधार पडायच्या आत निघा. तासगाव फाट्याला ट्रक फार."

गाडीत ह्यांचं सुरू होतं. केतननं मुद्दाम उन्हात न्यायला लावलं, मला काय कळत नाही का, पुढल्या खेपेला सेलसुद्धा मी नवे नेणार, बघतोच. मी खिडकीतून बाहेर बघत हिशोब करत होते.

ह्यांना सांगितलं तर हे बोभाटा करणार. वृषालीला सांगितलं तर? तर आम्ही दोघी एक होणार, समोरासमोर बसणार, आणि आबांना एकाच फलाटाला लागावं लागणार. पुण्याला लिफ्ट, बाग आणि रंगवलेली खोली. आमच्याकडे दुकानामागच्या दोन खोल्या आणि टर्पेंटाइनचा वास. आबा नळीवरचीकडेच जाणार, याबद्दल मला कधीच शंका नव्हती. न सांगितलं, तर ते निदान तिच्याकडे तरी गेले नाहीत.

"तू गप्प का?" ह्यांनी विचारलं.

"तूप जास्त झालं," मी म्हटलं.

त्यानंतर कराडच्या घरात एक रविवार रिकामा गेला नाही. एक आमचा, एक पुण्याचा. केतनरावांनी पिवळं, मोठं आणलं. हे निळं घेऊन गेले, तेही दोन पंख्यांचंच. आबा दोघांना सारखंच म्हणायचे, "उभं ऱ्हाणं चांगलं हाय, पण डावीकडं किंचित वढतंय. पुढल्या खेपेला बघा की." आमचे हे घरी येऊन सांगायचे, आबांना माझंच जास्त आवडलं. वृषाली फोनवर तेच केतनबद्दल सांगायची. गच्चीला वृषालीने कठडा उंच करून दिला, म्हणून आम्ही न्हाणीघराला खरखरीत फरशी आणि धरायला दांडा लावला. मी लावला म्हणून तिने गिझर. दोन अधिक महिने येऊन गेले, चार अंगठ्यांचं कुंकू झालं. कुणाकडे जायचं ते आबांनी कधीच सांगितलं नाही, आणि कराड सोडून ते एका रात्रीसाठीही कुठं गेले नाहीत.

गेले तेही गच्चीवरच, खुर्चीत. चहाचा कप निम्मा होता. सुमनकाकींनी पलीकडून बघितलं.

तेरावं झाल्यावर मी आणि वृषाली कपाट आवरायला बसलो. वरच्या फळीवर हेलिकॉप्टरं ओळीने लावलेली, गाड्या लावाव्यात तशी. लाल, हिरवं, पिवळं, निळं, आणखी दोन. हिरव्याच्या पुढच्या पंख्याला चांगलं पातं होतं. वृषालीने ते उचललं आणि बोटाने पंखा फिरवला.

"ताई, तुला कधी कळलं?"

"काय?"

"उगाच सोंग घेऊ नको."

मी घडी केलेलं धोतर परत उघडलं, परत घडी केली. "धोंड्यालाच. संध्याकाळी. रुमाल आणायला वर गेले होते. तुला?"

"तुझ्या आधी. काकींच्या गच्चीवर माफी मागायला गेले होते ना, तिथून आपली गच्ची दिसते. आबा पातं बदलत होते."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तू बोललीस?"

बाहेर पडवीत दोघे जावई बोलत होते. ह्यांचा आवाज चढला होता, "हिरवं, केतनराव, हिरवं! शेवटपर्यंत हिरवंच उडवत होते. काकींना विचारा."

"मी बोलले असते," वृषाली म्हणाली, "तर आपण दोघींनी त्यांना समोर बसवून विचारलं असतं. आणि ते म्हणाले असते, हेमाकडं जातो. मोठी आहे, जवळ आहे, दुकानात माणसांची ये-जा आहे. मला माहीत होतं."

"तुला नळीवर बसवायचे ते."

"नळीवर हँडल धरायला लागतं, ताई. कॅरिअरवर बसणारीला धरायला आबांची कंबर असते." तिने हिरवी शेंग खाली ठेवली. "मी नळीवरून मागं वळून बघायची तर तू त्यांच्या पाठीला गाल लावून बसलेली असायचीस."

मी खालच्या कप्प्याकडे वळले. कपाटाच्या तळाशी आबांची नोकरीच्या सुरुवातीची, कंडक्टर असतानाची तिकिटांची पत्र्याची पेटी होती. उचलली तर हलेना. आम्ही दोघींनी दोन्हीकडून धरून ती बाहेर ओढली आणि झाकण उघडलं.

आत वापरलेले पेन्सिल सेल होते. ज्या कप्प्यांत पूर्वी रंगीत तिकिटांचे गठ्ठे असायचे तिथं सहा-सहाच्या जुड्या, रबर लावून, उभ्या रचलेल्या. पेटी काठोकाठ भरलेली. भिंतीवर घड्याळ चालू होतं. त्या धोंड्यानंतर ते थांबलेलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि का थांबत नाही असं मला कधी वाटलंही नव्हतं. विट्याहून ह्यांनी किंवा पुण्याहून केतनरावांनी एक तरी सेल कधी आणला होता का, ते मी आठवू लागले. वृषालीही बहुतेक तेच आठवत होती, कारण दोघींनी मान एकदमच हलवली.

बाहेरचा वाद मिटला नव्हता. मिटणारही नव्हता. हेलिकॉप्टरांचे पैसे जावयांनी भरले, कुरडया काकींच्या गेल्या, रविवार आमचे गेले. ती सगळी हवेत ठेवणारे सेल मात्र आबा स्टँडसमोरच्या टपरीवरून, आपल्या पेन्शनीतून, स्वतः आणत होते.